माळढोक आणि विजेच्या तारा

हवामान तापत चालले आहे, तेव्हा कोळसा जाळणे कमी करून सूर्यापासून वीज घ्यावी, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. आम्हां बंगळूरकरांच्या उत्तरेस पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर सौरविजेचा प्रचंड प्रकल्प उभा आहे. परंतु ज्या उपायाने असंख्य जीवजाती वाचावयाच्या, त्याच उपायापायी एखादी जात नष्ट होऊ लागली तर काय करावे? श्रोतेहो, हा प्रश्न कल्पित नव्हे. माळढोक पक्ष्याने तो आपल्यापुढे टाकला आहे.

माळढोक मीटरभर उंच असतो. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. इतके ओझे घेऊन उडणारे पक्षी जगात थोडेच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कर्नाटकातील शेतकरी त्याला ‘एरेभूत’, म्हणजे काळ्या रानातले भूत म्हणतात. डॉ. सलीम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचेच नाव सुचविले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोराविषयी माझी तक्रार नाही, पण गरज माळढोकाला अधिक होती.

त्याचे घर म्हणजे गवताळ माळ. आमच्या सरकारी दप्तरात अशा जमिनीपुढे ‘पडीक’ असा शेरा पडतो, आणि पडीक म्हटले की ती कशाला तरी लावून टाकण्याचा मोह होतो. राणीबेन्नूरच्या राखीव रानात निलगिरी वाढली आणि माळढोक दिसेनासा झाला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे त्याचे दर्शन दुर्मिळ आहे. उरलेले बहुतेक पक्षी जैसलमेरकडे आहेत, आणि सौरविजेला उत्तम ऊनही तेथेच! या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरची तार उशिरा दिसते आणि जड देह वेळेवर वळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्या भागातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य झाला, तो याच निकालात.

राजस्थानात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविली जात आहेत. पुढेमागे त्यांना मोकळे सोडावयाचे आहे. त्यासाठी तारा नसलेला माळ आधी राखावा लागेल, आणि ते काम पक्षितज्ज्ञांपेक्षा जमिनीची दप्तरे सांभाळणाऱ्या आम्हां लोकांचे आहे.