सरकारी दवाखान्यात संशोधन कशाला?



सार्वजनिक दवाखान्यात संशोधनाची भाषा काढली, की लोकांच्या मनात दोन शंका येतात. औषधपाण्यालाच पैसा पुरत नाही, तेथे हा थाट कशाला? आणि गरिबाच्या देहावर प्रयोग होतील, त्याचे काय? दोन्ही शंका रास्त आहेत. मद्रासचे एक उदाहरण घेऊन आम्ही त्यांचा विचार करू.

१९५६ साली आपल्या देशात क्षयरोगी लाखांनी होते आणि आरोग्यधामांतील खाटा हजारांनी. औषधे निघाली होती. पण विश्रांती आणि सकस आहार यांवाचून ती गुण देतील का, आणि रोगी घरी राहिला तर मुलाबाळांना रोग अधिक लागेल का, हे पारखलेले नव्हते. तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासेत एक केंद्र काढले. दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांतील १९३ रोगी घेतले. कोणी घरी राहावे व कोणी आरोग्यधामात जावे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. आयसोनियाझिड आणि पी.ए.एस. ही औषधे मात्र दोघांना सारखीच.

वर्षाअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ आणि घरच्या शेकडा ८६ रोग्यांचा रोग आटोक्यात आला होता. घरचे अन्न निकृष्ट, जागा अपुरी, तरी फरक एवढाच! घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. हे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले, आणि १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरच्या घरी उपचाराचाच मार्ग धरला. खाट मिळत नाही म्हणून आशा सोडणाऱ्यांना दार उघडले.

पण हे केवळ मोठ्या डॉक्टरांच्या बुद्धीने झाले, असे समजू नये. अवचित घरी जाऊन गोळ्या मोजणारे, औषध खरोखर पोटात गेले की नाही हे लघवी तपासून पाहणारे, थुंकीची तपासणी करणारे, नोंदी ठेवणारे असे अनेक हात त्यामागे होते. या हातांना जागा, पगार आणि वेळ द्यावा लागतो. रोज शेकडो रोगी तपासणाऱ्या डॉक्टरावर संशोधनाचे आणखी एक ओझे टाकले, तर दोन्ही कामे बिघडतील.

राहिली दुसरी शंका. तुलना न करता, हिशेब न ठेवता उपचार चालविणे हाही प्रयोगच आहे. फक्त त्यातून कोणी काही शिकत नाही. रीतसर चाचणीत रोग्याला आधी समजावून सांगावे लागते, त्याला नाही म्हणता येते. आपल्याकडे नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनी संमती आणि नैतिकता समितीची मान्यता आवश्यक केली आहे. हे नियम कागदावर राहू नयेत, ही जागरूकता आपण नागरिकांनी ठेवावी.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की दवाखान्याच्या अंदाजपत्रकात संशोधनाचा खर्च दिसला, तर त्याला चैन म्हणू नका. तो कशासाठी आहे, हे अवश्य विचारा. आणि प्रश्न रोग्यांच्या गरजेचा असेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहा.