सर्वांनी मिळून रचावयाचा कोश : माहितीची मांडणी आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोशरचनेची परंपरा मराठीला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. कोणता विषय कोठे यावा, हे तेथे संपादक ठरवीत. विकी पद्धतीने हा अधिकार वाचकांच्याच हाती दिला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी महाजालावर आणला. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे शीघ्र. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

लिहिणारे हात अनेक झाले की माहिती झपाट्याने वाढते. पण मांडणी नसेल तर ती असूनही सापडत नाही. ‘महावीर’ हे एकच नाव घ्यावे. तीर्थंकर भगवान महावीर आणि नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रह’ लिहिणारे महावीराचार्य, दोघांचाही शोध याच नावाने घेतला जातो. अशा वेळी एक निःसंदिग्धीकरण पान वाचकाला योग्य लेखाकडे नेते. याउलट, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि नृपतुंग ही एकाच व्यक्तीची नावे. तेथे एका नावाचे दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करावे लागते. अन्यथा एकाच राजावर दोन अपुरे लेख उभे राहतात.

तिसरे साधन वर्गांचे. विकिपीडियावर ही सोय २००४ मध्ये आली. ग्रंथालयात पुस्तकाची एक प्रत एकाच कपाटात राहते. विकीवरील लेख मात्र एकाच वेळी अनेक वर्गांत असू शकतो. महावीराचार्यांचा लेख गणितज्ञांत येतो, तसाच जैन ग्रंथकारांतही येतो.

मात्र खरी कसोटी येथेच लागते. भगवान महावीरांचे जन्मस्थान म्हणून वैशालीजवळील वासोकुंड, नालंदाजवळील कुंडलपूर आणि जमुई जिल्ह्यातील लछुआडचे क्षत्रियकुंड अशी तीन स्थाने सांगितली जातात. लेखाच्या मजकुरात तिन्ही मते, ती कोणाची व कशाच्या आधारे, हे नोंदविता येते. वर्गाला ‘अमुकांच्या मते’ असे म्हणता येत नाही. कोणी त्या लेखास एकाच स्थानाच्या वर्गात घातले, तर एक अक्षरही न लिहिता वादाचा निकाल दिल्यासारखे होते. उद्या दुसरा कोणी तो वर्ग काढतो, तिसरा पुन्हा घालतो आणि ज्ञानाच्या जागी हट्ट उरतो.

यावर उपाय साधा आहे. तिन्ही स्थाने आजच्या बिहार राज्यात आहेत. तेव्हा वर्ग बिहारपुरता ठेवावा आणि भेद मजकुरात साधार मांडावा. मतभेदाची चर्चा चर्चापानावर व्हावी. प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात नोंदला जातो, त्यामुळे चूक झाली तरी पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. हस्तलिखितांतील पाठभेद पुसून न टाकता तळटीपेत जपण्याची शिस्त विद्वानांनी पूर्वीच घालून दिली आहे. विकीला तीच शिस्त हवी.

नवा लेख लिहिणाऱ्याने तो विषय आधीच आला आहे का, हे पाहावे. वर्ग देणाऱ्याने त्यास आधार आहे का, हे स्वतःस विचारावे. दुहेरी लेख जोडणे, तुटलेले दुवे सांधणे या कामांना मानपत्र मिळत नाही. पण पुढील पिढीला नेमकी माहिती हाती लागते, ती याच निरपेक्ष श्रमांमुळे.