उन्हाळ्यातील परसबाग आणि आपल्या शाळा

(भिवंडी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत माघअखेर केलेले भाषण)



शाळांच्या परसबागा मी वर्षातून दोनदा पाहतो. एकदा मार्गशीर्षात आणि एकदा जूनमध्ये शाळा उघडल्यावर. मार्गशीर्षात मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर यांचे वाफे हिरवेगार असतात. मुले हौसेने ते दाखवितात आणि मीही शेरेबुकात दोन बरी वाक्ये लिहितो. जूनमध्ये त्याच जागी वाळकी खुंटे, मोडलेले कुंपण आणि शेळ्यांच्या लेंड्या दिसतात. यात कोणा एका शाळेचा दोष नाही. मेच्या आरंभी सुटी लागते, जूनच्या मध्यास शाळा उघडते. पाणी घालणारे हातच जागेवर नसतील तर बाग टिकावी कशी? २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. मुलांच्या जेवणात ताजी भाजी यावी हा त्यांचा हेतू उत्तमच आहे. परंतु चैत्र-वैशाखाचे कोडे आपले आपल्यालाच सोडवावे लागते.

शिक्षक असताना ते सोडविण्याचा मी एक प्रयत्न केला आणि त्यात चुकलो. फाल्गुनापासून प्रत्येक मुलाने घरून एक कळशी पाणी आणावे, असा नियम मी घातला. भेंडी सुरेख आली. पंधरा दिवसांनी हजेरीपत्रक चाळताना चौथीतल्या तीन मुली सतत गैरहजर दिसल्या. घरी गेलो तेव्हा एकीची आई म्हणाली, “गुरुजी, विहिरीला तळ लागला. एक हंडा भरायला तास जातो. तुमची कळशी कुठून देऊ? रिकाम्या हाताने यायची तिला लाज वाटते.” मी नियम त्याच दिवशी रद्द केला. भेंडी वाळली. तेव्हापासून एवढे निश्चित समजलो की, उन्हाळी भाजीचा विचार बियाण्यापासून नव्हे, पाण्यापासून सुरू करावयास हवा. आणि ते पाणी वाहून आणलेले नसावे, घरात एकदा वापरून झालेले असावे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, होळीपासून पावसाळ्यापर्यंत शाळेची बाग मुलांच्या घरी न्यावी. याच आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या भागात, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हे जर शिक्षणास लागू पडते तर चार भेंडीच्या रोपांस का पडू नये?

आता हिशेबाकडे वळू, कारण हा गणिताचाही पाठ आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे केले तर ते बरोबर एक लिटर भरते. चैत्रातल्या उन्हात भाजीच्या वाफ्यास दिवसाकाठी सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरून चालावे. म्हणजे २ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफ्यास रोज १० लिटर. मुलांना सांगावे की, तांदूळ-डाळ धुतल्याचे, भाजी धुतल्याचे आणि भांडी विसळल्याचे पाणी तीन दिवस एका बादलीत साठवून रोज मोजा. ज्याच्या घरी १० लिटर भरते त्याने एक वाफा करावा. ज्याच्या घरी चारच लिटर भरते त्याने वाफा करू नये. तीन-चार आळी करून त्यांत दुधी किंवा कारले लावावे. वाफा पाहून पाणी शोधावयाचे नाही, पाणी पाहून वाफा आखावयाचा. उत्साही शिक्षकांना हे थोडे आवरते घ्यावे लागेल, मी जाणतो.

साबणाचे, विशेषतः कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी भाजीस घालू नये. त्यातील सोड्याने जमीन बिघडते. मोरीचे पाणी वाहत जात असेल तर तेथे केळ आणि अळू लावण्याची आपल्याकडील जुनी रीत योग्यच आहे. कोथिंबिरीसारखे जे कच्चे खावयाचे ते अशा पाण्यावर वाढवू नये. आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्यापुरती स्पष्ट सांगतो. कपड्यांचे रंगकाम व सायझिंग करणाऱ्या कारखान्यांचे पाणी ज्या नाल्यात उतरते, त्या नाल्याचे पाणी कितीही जवळ असले तरी भाजीला वापरू देऊ नये.

मिळाले ते पाणी मुळाशी पोहोचावे यासाठी दोन उपाय आहेत. एक, आच्छादन. आपल्याकडे याच दिवसांत पालापाचोळा राब भाजण्यासाठी गोळा होतो, त्यामुळे तो सहज मिळत नाही; शेतकऱ्याशी त्यासाठी वाद घालू नये. गुरे खात नाहीत असा भिजून काळवंडलेला पेंढा मागावा. तो कोणीही आनंदाने देतो. चार बोटे जाडीचा थर रोपांभोवती पसरावा. दुसरा उपाय मडक्याचा. कच्च्या रंगाचे, न चकाकणारे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्यात पाणी भरून तोंड झाकावे, आणि भोवती दोन-तीन वेल लावावेत. मडके पाझरते आणि मुळे तेवढेच पाणी घेतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी कृषिग्रंथात ही युक्ती नोंदलेली आहे. मडके जुने होऊन त्याची छिद्रे बुजली असतील तर बुडाला बारीक भोक पाडून सुती धाग्याची वात बसवावी. यंत्रमागांच्या या गावात सुताचा तुकडा मागावयास लांब जावे लागणार नाही!

पिकांविषयी थोडक्यात बोलतो, कारण आपणांपैकी बहुतेक शेतकऱ्यांच्याच घरचे आहात. गवार व चवळी उन्हाला सर्वांत चिवट. भेंडीचे बी रात्रभर भिजवून होळीच्या आसपास टोकावे. पन्नास दिवसांच्या आत फळ सुरू होते, म्हणजे तोडणी सुटीत येते आणि भाजी घरच्या पानात पडते. तांबडा माठ महिन्याभरात कापणीस येतो. अधीर मुलांना तोच द्यावा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर तो केवडा रोग होय. पांढरी माशी तो पसरविते. ते झाड मुलाला वाईट वाटले तरी उपटावयास सांगावे. आणि कुंपण आधी, पेरणी नंतर. शेते मोकळी झाल्यावर गुरे व शेळ्या मोकाट फिरतात. बोरीच्या काटेरी फांद्या पुरेत.

वेलांबद्दल एक तक्रार दरवर्षी येते की, नुसती फुले लागतात, फळ धरत नाही. येथे विज्ञानाचा फार सुंदर पाठ आहे. फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते ते मादीफूल, न दिसते ते नरफूल. कडक उन्हात नरफुलेच अधिक येतात. मुलांनी रोज दोन्ही प्रकारची फुले मोजून वहीत मांडावीत. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. त्या वेळी नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलास हलक्या हाताने लावावा. कारल्याचे व काकडीचे फूल सकाळचे. हाताने धरविलेले पहिले फळ ज्या मुलाने पाहिले, त्याला परागीभवन पुन्हा शिकवावे लागत नाही.

एक अडचण उरते आणि ती लहान नाही. आपल्या वर्गांत वीटभट्टीवर राहणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुले आहेत. त्यांना परस नाही, उद्या मुक्काम कोठे असेल हेही ठाऊक नाही. त्यांच्यापुढे “घरी वाफा करा” असे म्हणणे ही थट्टा होईल. म्हणून या कामास गुण ठेवू नयेत आणि कोणाच्या घरी किती भाजी आली याचा फलक वर्गात लावू नये. या मुलांना शाळा असेतो शाळेच्या आवारातील एक मडके व त्याभोवतालचे वेल सोपवावेत. त्यांना रानभाज्या आपल्यापेक्षा अधिक ओळखता येतात. पहिल्या पावसात टाकळा, कुर्डू कोठे उगवतो हे त्यांनी वर्गास दाखवावे आणि आपण खाली बसून ऐकावे.

सुटी लागण्यापूर्वी प्रत्येक मुलास सांगावे की, प्रत्येक जातीची दोन चांगली फळे झाडावरच वाळू द्या आणि त्यांचे बी कागदाच्या पुडीत, नाव व तारीख घालून, जूनमध्ये शाळेत आणा. वाफा जळला असेल तर पाण्याची वही आणली तरी चालेल. पाणी कोणत्या आठवड्यात तुटले हे तीत दिसेल आणि पुढल्या वर्षी तेवढ्याच बेताने पेरता येईल.

गवार, भेंडी, चवळी व तांबडा माठ यांच्या पुड्या दाराशेजारच्या टेबलावर ठेवल्या आहेत. बी मोजकेच आहे. प्रत्येक शाळेने एकेकच पुडी न्यावी.