परवलीचा शब्द विसरला तर

परवलीचा शब्द हा मूळचा लष्करी. रात्रीं वेशीवर पहारेकऱ्यानें हटकावें, येणारानें ठरलेला शब्द उच्चारावा आणि मगच दिंडी उघडावी, अशी ती रीत. ती संगणकांत प्रथम आणणाऱ्यांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सची तंत्रशिक्षणसंस्था होती. काळ १९६० च्या दशकाचा आरंभ. एकाच यंत्रावर अनेकांनीं काम करावें, पण एकाचें दप्तर दुसऱ्याच्या हातीं पडूं नये, हा हेतु. आज लॅपटॉप उघडतांच तोच पहारेकरी पुढें उभा राहतो. आणि शब्द विसरला, तर घरधन्यालाहि ओळखीत नाहीं.

श्रोत्यांनीं चंद्रपूरचा परकोट डोळ्यांपुढें आणावा. सुमारें ११ किलोमीटरचा तट. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर अशा त्याच्या चार वेशी. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजी तोफांनीं या तटाला खिंडार पाडलें आणि फौज आंत शिरली. वेस बंद असणें आणि आंतील धन सुरक्षित असणें, या गोष्टी भिन्न आहेत.

लॅपटॉपचेंहि तसेंच. यंत्र सुरू होतांच, विंडोज येण्यापूर्वीं जो शब्द विचारला जातो, ती बहुधा केवळ वेस असते. जुन्या अनेक संगणकांत हा शब्द लहानशा बॅटरीच्या आधारानें टिके. ती काढली कीं पुसला जाई. नव्या बहुतेक लॅपटॉपांत तो विजेवांचूनहि टिकतो, म्हणून जाणत्या कारागिराची किंवा कंपनीची मदत लागते. तरीहि डिस्क सुटी करून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर आंतील लेखन पुष्कळदां वाचतां येतें.

डिस्कच कूटलिपींत असली, तर मात्र खिंडाराचा उपयोग नाहीं. विंडोजमधील बिटलॉकर ही सोय अशीच. आंत शिरणाराला अर्थहीन अक्षरांखेरीज कांहीं सांपडत नाहीं. तेथें कामीं येते ती ४८ अंकांची राखीव किल्ली. ती पुष्कळदां मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत जपलेली असते. तेथेंहि नाहीं, कागदावरहि नाहीं, तर डिस्क पुसून यंत्र वापरतां येतें. लेखन गेलें तें गेलेंच.

शहरांत ही अडचण. दूरच्या तालुक्यांत ती आपत्ति. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा मार्ग अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. शाळेचे निकाल, ग्रामसभेचे हिशेब एकाच यंत्रांत अडकले, तर अशा वेळीं कारागीर गांठावा कसा? म्हणून किल्लीचे अंक वहींत लिहून सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पेटींत ठेवावे, आणि लेखनाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असावी. ती वही लॅपटॉपच्या पिशवींत मात्र नसावी. वेशीची किल्ली वेशीलाच टांगून कोणी शहाणा किल्लेदार निजत नाहीं.