सावित्रीकाठचा वसंत



महाडास शिमगा सरतो, सावित्रीचे पात्र उतरते आणि २० मार्चला चवदार तळ्याकाठी जनसागर लोटतो. तळे सर्वांस खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचा. अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आपल्या कायस्थ प्रभु ज्ञातीचे, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी तेथील ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा गावातून लाठ्या निघाल्या. मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण'ही झाले. त्या गावांत आपलीही घरे होती! आम्ही तीस वर्षे इतिहास शिकविला. हा धडा मात्र घाईने उरकला. यंदा आपले स्नेहसंमेलन नेमके त्याच तारखेस ठरले आहे. ते आठवडाभर पुढे ढकलावे व त्या दिवशी आपण तळ्याकाठी पाणी देण्यास उभे राहावे, अशी आमची विनंती आहे.