जुन्या जीपचे दाते

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. यंत्रांविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, उमरेड तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या मामांची एक जुनी जीप गेली काही वर्षे माझ्याच गळ्यात पडली आहे. तिच्यासाठी सुटे भाग निवडताना आम्ही कसे फसलो, हे आज सांगणार आहे. आपल्या विदर्भात अशा जुन्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या अजून शेतावर आणि जंगलाच्या वाटांवर पुष्कळ दिसतात. त्यांच्या मालकांना यातून काही उपयोग झाला तर बरेच आहे.

जीप ही मुळात लढाईत जन्मलेली गाडी. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी ती लाखांनी तयार केली. आपल्याकडे १९४५ साली निघालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून सुटे भाग परदेशातून आणून विलीस जीप जोडायला घेतल्या आणि पुढे ती येथेच तयार होऊ लागली. सी जे थ्री बी हे उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आले आणि १९६८ साली तेथे बंद झाले. आपल्याकडे मात्र ते त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होते. मग पेट्रोलचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, १९८५ मध्ये एम एम ५४० आली, आणि बाहेरून ओळखीचा तोच चेहरा ठेवून आतला संसार हळूहळू बदलत गेला.

घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. आपण या साऱ्यांना सरसकट ‘जीप’ म्हणतो. इतकेच काय, शेजारच्या जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून सैन्यासाठी जी ‘जोंगा’ तयार होत असे, ती जपानी निसानच्या नमुन्यावरची. पण लिलावात घेऊन गावी आणली की तिलाही जीपच म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. दुकानदार विचारतो, ‘गाडी कोणती?’ आपण सांगतो, ‘जीप.’ तो म्हणतो, ‘मग हे जीपचंच आहे, घेऊन जा.’ यात तो खोटे बोलतो असे नाही. प्रश्नच अर्धा असतो आणि उत्तरही अर्धे.

मामांची गाडी सी जे थ्री बी. काही वर्षांपूर्वी तिच्या मागच्या हाउसिंगमधला क्राउन तुटला. मामांनी एका दुकानातून अख्खे हाउसिंगच जुने आणून बसवले. गाडी सुरेख चालू लागली. उलट मामा तर खूश होते. पूर्वी ताशी साठावर इंजिन ओरडत असे, ते आता जरा शांत झाले होते. आणखी एक गंमत झाली. शेतापासून एका नेहमीच्या ठिकाणचा पल्ला मीटरवर पन्नास किलोमीटर भरत असे, तो आता पंचेचाळीस भरू लागला. मामा हसून म्हणाले, ‘सडक सरळ केली असंल सरकारनं.’ मीही हसलो. इतिहासाचा प्राध्यापक असून समोर आलेला पुरावा मी असा हसण्यावारी नेला, याची आज लाज वाटते.

२०२२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मामांच्या सालदाराला बांधावर साप डसला. मी त्या दिवशी शेतावरच होतो. त्याला जीपमध्ये घातले आणि पांदणीने निघालो. काळ्या मातीचा चिखल किती धरून ठेवतो ते सांगायला नको. मी पुढच्या चाकांचा दांडा ओढला. मागचे हाउसिंग बदलल्यापासून तो दांडा कोणी हलवलाच नव्हता. गाडी चिखलातून निघाली. पुढे नाल्यावर सिमेंटचा रपटा लागला. त्यावर गाडी एकदम जड झाली, जणू कोणी मागून दोर बांधला आहे. वळणावर चढ चढताना खालून ‘खाड्’ असा आवाज आला आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. शाफ्ट खाली लोंबकळू लागला. तो सोडवून काढीपर्यंत आणि शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर येईपर्यंत अर्धा तास गेला. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. सालदार वाचला. रुग्णालयात त्याला सापाच्या विषावरचे औषध वेळेत मिळाले. पण ती वेळ आम्ही आमच्या हाताने जवळजवळ घालवली होती.

आता हे झाले कसे? इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येतो. तेथून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. प्रत्येकाच्या टोकाला लहान पिनियन असते आणि ते मोठ्या क्राउनला फिरवते. या जीपचे मूळ प्रमाण असे की पिनियनला ८ दाते, क्राउनला ४३. म्हणजे शाफ्ट पाच पूर्णांक तीन अष्टमांश वेळा फिरला की चाक एकदा फिरते. बाजारात याला ‘पाच अडतीस’ म्हणतात. दुसरे एक प्रमाण ८ आणि ३९ दात्यांचे, म्हणजे ‘चार अठ्ठ्याऐंशी’. युद्धातल्या जीपला हेच होते. दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि सारख्याच गतीने फिरतात. आता समजा, पुढे ४३ दात्यांचा क्राउन आहे आणि मागे ३९ चा. शाफ्ट त्रेचाळीस वेळा फिरला की पुढचे चाक आठ वेळा फिरणार आणि मागचे जवळजवळ नऊ वेळा. चिखलात हा फरक घसरून भागतो. सिमेंटवर चाक घसरायला तयार नसते. मग सगळा पीळ शाफ्टवर चढतो आणि जे सर्वांत दुबळे ते तुटते. (प्रमाण सारखे असलेल्या जीपचाही दांडा कोरड्या डांबरी सडकेवर ओढू नये, ते याचसाठी, वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत.)

केवळ मागच्या चाकांवर चालताना मात्र यातले काहीही जाणवत नाही. गाडी वर्षानुवर्षे निमूट धावते. ज्या दिवशी चारही चाकांची खरी गरज पडते, नेमका त्याच दिवशी दोष उघडा पडतो.

कामठी रोडवर एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी ओढत नेली. त्यांनी काही उघडले नाही. खडू घेतला. मागचे एक चाक जॅकने उचलले, उरलेल्या चाकांना पुढेमागे दगड लावले. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो; एक मागचे चाक उचलले की तो गाडी धरून ठेवत नाही. तेव्हा दगड लावल्याशिवाय खाली जाऊ नये. मग त्यांनी गाडी न्यूट्रलला घेतली, चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण केली आणि चाक बरोबर दोन वेळा फिरवले. एकच चाक उचलले असेल तर दोन फेरे घ्यायचे, कारण अर्धी गती डिफरन्शियलमध्ये जाते. शाफ्टची खूण पाचवा फेरा पुरा होण्याआधीच थांबली. पुढे तेच केले; तिथे ती पाच फेरे ओलांडून गेली. मिस्त्री हात पुसत म्हणाले, ‘सर, हे पुढचं अन् मांगचं भाऊ भाऊ नाही जी. हे लगन जमतच नव्हतं.’

खडूचा एक तुकडा आणि पाच मिनिटे. हाउसिंग विकत घेतले त्या दिवशी कोणी हे केले असते तर!

आता निवड आली. पुढचेही ३९ चे करावे की मागचे पुन्हा ४३ चे? सडकेवर ३९ चे सुखाचे. डायरेक्ट गिअरमध्ये ताशी साठाला ४३ वर इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेते, ३९ वर सुमारे २२००. पण मामांची गाडी शेताची, ओझे ओढणारी, चिखलात रांगणारी. तिला मूळचेच बरे, असे माझे मत पडले. शिवाय पुढचे हाउसिंग उघडण्याचा खर्च वाचत होता, हेही खरे सांगितले पाहिजे.

मग जोडी शोधायला निघालो. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडनंबर कोरलेला असतो. नंबर जुळत नसेल तर दाते कितीही चकचकीत असोत, घेऊ नये. थोड्याच दिवसांत रडू लागतात. पुढची जोडी मागे बसत नाही, प्रमाण एक असले तरी आकार वेगळा. ॲक्सल शाफ्टच्या टोकाच्या खाचा मोजाव्यात. जुन्या जीपमध्ये मागे त्या दहा असत, पुढे एकोणीस झाल्या. डिफरन्शियल मध्यभागी नसून उजवीकडे सरकलेले असते, त्यामुळे डावा शाफ्ट लांब आणि उजवा आखूड. घाईत एक आणायला गेलेला माणूस हमखास भलताच आणतो. सर्वांत उत्तम म्हणजे तुटलेला तुकडा पिशवीत घालून दुकानात न्यावा.

नवे नकली घ्यावे की जुने अस्सल? मी जुन्या अस्सलच्या बाजूचा आहे. दात्यांवर खड्डे नसावेत, झीज सगळीकडे सारखी असावी, कडेला निळसर जळकट झाक नसावी. बेअरिंग आणि ऑइल सील मात्र जुने कधीही घेऊ नये. आम्हांला जोडी मिळाली ती चौथ्या कबाड्याकडे, नंबर जुळणारी.

बसवण्याचे काम मिस्त्रींनी दोन दिवस केले. पिनियनखाली शिम घालायच्या, शेंदूर तेलात कालवून दात्यांना लावायचा, क्राउन फिरवायचा आणि ठसा कुठे उमटतो ते पाहायचे. ठसा टोकाला आला की पुन्हा सगळे उघडून शिम बदलायच्या. असे चार वेळा झाले. घाई करणारा मिस्त्री इथेच ओळखू येतो. पुढच्या शाफ्टला नवा क्रॉस घातला. शाफ्टचे दोन भाग पुन्हा एकमेकांत घालताना त्यांवरचे बाण समोरासमोर आणले, नाहीतर शाफ्ट थरथरतो. हाउसिंगमध्ये ९० नंबरचे हायपॉइड तेल भरले. तेच गिअरबॉक्समध्ये ओतायला मी निघालो होतो. मिस्त्रींनी हात धरला. आत पितळी रिंगा असतात, त्यांना हे जहाल तेल मानवत नाही.

परतताना रपट्यापाशी गाडी थांबवली, पलीकडच्या चिखलात दांडा ओढला, पार झालो आणि कोरड्या जागी आठवणीने सोडला. सालदार मागे बसला होता. तो काही बोलला नाही, पण रपट्यावर त्याने बाजूची सळई घट्ट धरली होती. मीटर त्या नेहमीच्या पल्ल्याला पुन्हा पन्नास दाखवू लागले आहे. मामांना सांगितले, तर म्हणाले, ‘म्हंजे सडक पुन्हा वाकडी झाली म्हणायची.’