महाभारत पुन्हा सांगताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



व्यासांनी सांगितलेलं महाभारत ज्यानं लिहून काढलं, त्याच्याच मांडवात आज महाभारताबद्दल बोलायचं आहे. सुरुवात मात्र ग्रीसपासून करतो, कारण आपल्या घरातली मुलं सध्या तिकडचं वाचताहेत.

पुण्या-बंगळुरूहून सुट्टीला भोपाळला आलेल्या मुलांच्या बॅगेत जी इंग्रजी पुस्तकं असतात, ती आम्ही पाच-सहा जणांनी मागून घेऊन वाचली. मॅडलिन मिलरची 'सर्सी' (२०१८) ही 'ओडिसी'तल्या एका चेटकिणीची कथा, तिच्याच तोंडून सांगितलेली. अकिलीस आणि ॲगमेम्नॉन ज्या बंदिवान स्त्रीवरून भांडले, त्या ब्रिसेइसला पॅट बार्करनं बोलतं केलं. मार्गारेट ॲटवुडनं तर २००५ मध्येच ओडिसियसच्या घरी फासावर चढवलेल्या बारा दासींना वाचा दिली. पुस्तकं चांगली आहेत. पण 'असं काही आपल्याकडे नाही', असं मुलं म्हणतात, ते मात्र आम्हाला लागलं.

कारण १९६७ हे एकच साल घ्या. त्या वर्षी मराठीत इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'ही आली. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती बोलते, दुर्योधन बोलतो आणि वृषालीही बोलते. व्यासांनी कर्णाच्या बायकोचं नावसुद्धा दिलेलं नाही, तिला सावंतांनी अख्खा भाग दिला. त्याच्याही आधी, १९०७ साली, खाडिलकरांनी 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखलं, आणि सरकारनंही ओळखून १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. होमरच्या पुनर्कथनावर आज कोणी बंदी घालणार नाही; झ्यूसला कोणी नैवेद्य दाखवत नाही. आपला कृष्ण देवघरात आहे, म्हणून आपल्याकडे हे काम अवघड.

ते इरावतीबाईंनी कसं केलं, हे जरा सविस्तर सांगायला हवं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. देशभरातली बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. सुकथनकरांसारख्या संपादकाचं आयुष्य त्यात गेलं. काम पुरं झालं १९६६ मध्ये, आणि 'युगान्त' आलं लगेच पुढच्या वर्षी. बाईंनी ही तपासलेली संहिताच आधार धरली.

त्या संहितेत काय नाही, ते ऐकलं की दचकायला होतं. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असं म्हणाली, हे आपल्याला पाठ आहे. १९८८ ते ९० च्या काळात दर रविवारी टीव्हीसमोर बसून आपण ते पक्कं केलं. पुण्याच्या संहितेत हे वाक्य नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या युद्धाचं खापर एका बाईच्या जिभेवर फोडलं गेलं, ते नंतर कुणीतरी. गोष्ट पुन्हा सांगताना दोष असा एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. आम्हाला तरी 'सर्सी' वाचताना हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला: चेटकीण तिला ठरवलं कोणी?

आणि गणपतीनं लेखणी धरली, तीही गोष्ट त्या संहितेत नाही. संपादकांनी ती परिशिष्टात ठेवली आहे. (बाप्पा रागावणार नाहीत. मोदक चालू ठेवावेत.) ती उपरी ठरली म्हणून आम्ही ती नातवंडांना सांगायची सोडणार नाही. फक्त ती मागाहून आली, एवढं सांगू.

हा फरक आपल्या भाषेला जुना आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपली ओवी घुसडणाऱ्याला बजावलं, की हे अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखं होईल. त्याच नाथांनी रामकथा मात्र 'भावार्थ रामायण' म्हणून स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ढंगात सांगितली. दुसऱ्याच्या ताटात भर घालायची नाही, आपलं ताट वेगळं वाढायचं. इरावतीबाईंनी हेच पाळलं. द्रौपदीवरच्या लेखात, महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीच्या शेवटच्या क्षणांची त्यांनी कल्पना केली आहे. त्या क्षणी तिला भीम कळतो. पण तिथवर येताच त्या थांबून सांगतात, की संहिता इथे संपली, यापुढची माझी नरोटी. नाथांचाच शब्द. आमच्या मते 'युगान्त'मधली सर्वांत सुंदर पानं ती नरोटीचीच आहेत, आणि ती खुशाल आवडून घेता येतात, कारण बाईंनी आपल्याला फसवलेलं नाही.

भीमावरून आठवलं. इथून तासाभरावर भीमबेटका आहे. तिथल्या खडकांवर भीम बसायचा, असं आसपासची गावं सांगत आली. तिथली आदिमानवाची चित्रं १९५७ मध्ये जगापुढे आणली ती आपल्या वाकणकरांनी. पण जागेचं नाव आजही भीमाचंच आहे, आणि ते बदलावं असं कुणाला वाटत नाही.

आता आपल्या घरांबद्दल. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरहून, ग्वाल्हेर-इंदूरहून जी कुटुंबं आली, त्यांच्या ट्रंकांत ही पुस्तकं मागाहून भरत गेली. आज ती माळ्यावर आहेत. मुलं म्हणतात, आम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. अरे, हिंदीसाठी बाराखडी शिकलात ना? लिपी तीच आहे. पहिली दहा पानं अडखळाल, अकराव्या पानावर 'ळ' सुद्धा ओळखीचा होईल.

म्हणून आम्ही ठरवलं आहे, की कोजागिरीला दूध आटेपर्यंत 'युगान्त'मधला द्रौपदीचा लेख मोठ्यानं वाचायचा. एकेक परिच्छेद एकेकानं, लहानांनीही. ज्यांच्याकडे 'सर्सी' आहे त्यांनी ती घेऊन यावं; तिच्यातलं एखादं पान मराठीत सांगून दाखवावं. माळ्यावरची प्रत काढताना जुन्या कागदाची धूळ फार असते, तेव्हा आदल्या दिवशीच काढून ठेवा.